दारातला पालथा हंडा

मी एक जुना लोखंडी हंडा आहे. मूळचे पाय तीन, शिल्लक अडीच. गेलेला अर्धा कसा गेला हे केझाया, तिची मुलगी टेम्पी आणि मी, अशा तिघांनाच ठाऊक आहे. मित्रांनो, ते मी सांगणारच आहे, पण आधी माझे काम ऐका.

मी ओतशाळेतून निघालो तो थेट जॉर्जियातल्या कापसाच्या एका मळ्यावर आलो. केझाया तिथे गुलाम होती, स्वयंपाक करायची. माझ्यात मक्याची लापशी शिजे आणि सोमवारी कपडे उकळत. माझे खरे काम मात्र रविवारचे. गुलामांनी आपले आपण जमून प्रार्थना करायची नाही आणि अक्षर शिकायचे नाही, असा कडक कायदा होता. हातात पुस्तक दिसले तर पाठीची सालटी निघत. म्हणून सगळे केझायाच्या झोपडीत जमत आणि मला उंबऱ्यात पालथा घालत. पालथ्या हंड्यात आवाज पडतो, मालकाच्या बंगल्यापर्यंत जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मला याचे भारी कुतूहल वाटे. आवाज खरेच माझ्यात पडतो का? पडला तर जातो कुठे? माझ्या पोटात मला तर कधी काही सापडले नाही. टेम्पीला माझ्याहून जास्त कुतूहल होते. येता-जाता ती माझ्यात डोकावून बघे.

टेम्पीच्या दहाव्या वर्षी मालकाने तिला विकले. कागदावर दोन ओळी लिहिल्या, गाडी आली आणि ती गेली. त्या दिवशीही केझायाला मला चुलीवर चढवून वेळेवर जेवण द्यावे लागले. तो दिवस आठवला की मला आजही वाईट वाटते.

पुढे उत्तर आणि दक्षिण अमेरिकी राज्यांत मोठी लढाई झाली, संपली आणि सगळे गुलाम सुटले. कापसाच्या रिकाम्या कोठारात शाळा निघाली. उत्तरेकडच्या बायकांच्या एका मंडळाने मिस हॅडॉक नावाची तरुण शिक्षिका पाठवली, पाट्या पाठवल्या आणि मदतीची चार पिंपे पाठवली. पिंपांतून काय काय निघावे! लोकरीचे मोजे, तीन कोट, आणि बर्फावर घसरायला बुटांना लावायची लोखंडी पाती. आमच्याकडे कसला आलाय बर्फ? आमच्या मळ्यावरच्या म्हाताऱ्या प्राइमस काकांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"बाई, हा कुठल्या जनावराचा पाय म्हणायचा?"

शेवटी ते त्या पात्यांनी भेंडी चिरू लागले.

शाळेच्या पहिल्या दिवशी केझाया मला कमरेवर घेऊन आली आणि तिने मला दारात पालथा घातला. कोणी हसले नाही. मी जागेवर बसल्यावरच सगळ्यांनी पुस्तके उघडली, आणि इतक्या हळू वाचू लागले की मिस हॅडॉकना एक अक्षर ऐकू येईना.

"मावशी, मोठ्यानं वाचा की! आणि हा हंडा दारात कशाला? मी दोनदा ठेचकाळले."

"राहू दे बाई. तुला नाही कळायचं."

"अहो, आता बंदी नाही. नवा कायदा झालाय."

"तुझ्या गावात झाला असेल. इथं बंगल्यात मालक तोच आहे, आणि त्याची कुत्रीही तीच आहेत."

 दुसऱ्या दिवसापासून मिस हॅडॉक झगा सावरून मला ओलांडू लागल्या.

केझाया शिकायला आली होती ती टेम्पीसाठी. हरवलेल्या माणसांच्या जाहिराती चर्चच्या वर्तमानपत्रात छापत आणि गावोगावच्या चर्चमध्ये त्या मोठ्याने वाचून दाखवत. मिस हॅडॉक म्हणाल्या, "मी देते लिहून. दोन मिनिटांचं काम."

"नको. दुसऱ्यानं आमच्याबद्दल लिहिलेला प्रत्येक कागद आम्हाला विकायलाच निघाला होता. हा मी लिहीन."

म्हणून अठ्ठावन्न वर्षांची केझाया सहा वर्षांच्या पोरांत बसली. उकळत्या हंड्याला न भिणारे तिचे हात पाटीवर पेन्सिलीमागून पेन्सिल मोडत. काका चिडवत, "केझाया, तुझा 'के' बघ, कोंबडीनं तंगडी वर केल्यासारखा!"

"आणि तुमच्या 'पी'चं पोट सुटलंय. गप बसा."

वसंतात जाहिरात तयार झाली. शेवटची ओळ होती, 'आपल्या हंड्याचा पाय कसा मोडला ते लिहून कळव.'

"हे काय भलतंच?" मिस हॅडॉक म्हणाल्या. "मुलीचं वय लिहा, मालकाचं नाव लिहा."

"मालकाचं नाव कुणालाही ठाऊक असतं. पाय तिलाच ठाऊक आहे."

दोन उत्तरे आली. एकीने लिहिले, हंडा हातातून पडला. दुसरीने लिहिले, गाडीखाली आला. दोघीही बिचाऱ्या आपापली आई शोधत होत्या. केझायाने दोघींना स्वतः लिहिले, 'तू माझी नाहीस. पण तुझी आईही तुला शोधत असेल, थांबू नकोस.'

कापूस वेचणीच्या दिवसांत तिसरे पत्र आले. मिस हॅडॉकनी हात पुढे केला, पण केझायाने ते दिले नाही. ती माझ्याजवळ आली आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे तोंड करून पुटपुटत वाचू लागली. मग थांबली. माझ्या काठाखाली पाऊल घालून तिने मला एका झटक्यात सुलटा केला, आणि दारात उभी राहून मोठ्याने वाचू लागली.

"'आई, हे माझंच अक्षर आहे. पाय मी मोडला. हंड्यात पडलेले आवाज बाहेर काढायला मी त्याला पायरीवरून ढकललं. तू मारलं नाहीस. एवढंच विचारलंस, सापडले का?'"

प्राइमस काका डोळे पुसत म्हणाले, "अगं हळू! बंगल्यापर्यंत ऐकू जाईल."

"जाऊ दे," केझाया म्हणाली, आणि तिने पत्र पहिल्या ओळीपासून आणखी मोठ्याने वाचले.

आता मी शाळेच्या अंगणात असतो. पाणी साचून गंज चढेल, पालथा घाला त्याला, असे लोक म्हणतात. त्यांचे खरे आहे. तळाला गंज लागलाच आहे. तरी मित्रांनो, मला पालथा घालू नका. हवे तर पाणी उपसा, तेलाचा हात फिरवा. आणि एखादी पोर माझ्यात डोकावली, तर तिला हटकू नका. सापडले का, एवढेच विचारा.