डोयामा पानी

"बाई, तुमच्या डोळ्यांत पाणीच नाही," डॉक्टर म्हणाले.

बेबाबाई स्टुलावरून उठली. पदर खोचला आणि दाराकडे चालू लागली.

"अहो, निघालात कुठे? बसा."

"बठ्ठं धुळं तेच म्हनस," ती दारात थांबून म्हणाली. "ते आयकाले सकायपाईन रांगमा बसनी का मी?"

डॉक्टर पुण्याकडून नवेच बदलून आलेले. त्यांना काही कळेना. ती कामाला होती त्या कापसाच्या जिनचा मुकादम रुपचंद बेबाबाईला घेऊन आला होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तिला वाटलं, तुम्ही तिला दगड म्हणालात. नवरा गेला तेव्हा हिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तेव्हापासून तिची नणंद गावभर हेच सांगते."

डॉक्टरांच्या हातात कागदाची चिंचोळी पट्टी होती. मघाशी तिचं टोक त्यांनी बेबाबाईच्या खालच्या पापणीत अडकवलं होतं.

"इकडे या. हे बघा. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात लावला असता तर हा कागद निम्मा भिजला असता. तुमचा कोरडा आहे. डोळा ओला ठेवणारं पाणी तुमच्यात तयारच होत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं ना?"

"टोचस."

"तोंडही कोरडं पडतं? घासामागे पाणी प्यावं लागतं?"

ती परत स्टुलावर येऊन बसली. भाकरीचं या माणसाला कुणी सांगितलं?

"सकाळी बोटं आखडतात?"

"हाई रोग शे?" तिने विचारलं.

"रोगच आहे."

"खरंच रोग शे?"

बाई घाबरली असं समजून डॉक्टरांनी तिला धीर दिला. पण ती घाबरली नव्हती.

तिचा नवरा भिकन पौषात गेला. बाजारात हमाली करणारा माणूस, तापाने आठवडाभरात संपला. आपल्याकडे मयताच्या घरी जी जी बाई येते ती घरच्या बाईच्या गळ्यात पडून हेल काढते, आणि दर नव्या बाईबरोबर घरच्या बाईला नव्याने रडावं लागतं. बेबाबाई ओरडली, छाती बडवली, घसा बसला. डोळे मात्र लाल आणि कोरडे. शेजारच्या घरात राहणारी नणंद तापीबाई तिच्या तोंडाकडे टक लावून होती. "मना भाऊ गया," ती बायांना म्हणाली, "आनि हिना डोयामा पानी नही."

बेबाबाईची एकुलती लेक कुंदा पारोळ्याला दिलेली. ती दुपारी आली, आईच्या गळ्यात पडली, आईचा खांदा भिजेपर्यंत रडली. मग मान वर करून तिने आईचे डोळे पाहिले.

"माय, तू रडनी नही?"

बेबाबाईने पदराने कोरडे डोळे चोळले. सुतक फिटायची गंधमुक्ती झाल्यावर कुंदा आईच्या पाया न पडता मोटारीत बसली आणि त्यानंतर माहेरी आली नाही.

डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, तिच्याबरोबर रबरी टोपीची काचेची नळी. थेंब दिवसातून चार-पाचदा टाकायचे. गरम पाण्यात फडकं पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं. चोळायचं नाही. चुलीच्या धुरापासून लांब बसायचं. "आणि पापण्या मिटायच्या. कापूस निवडताना तुम्ही नजर रोखून बसता, पापणी लववायची राहून जाते. डोळा वाळतो."

"बरं कवय व्हई?"

"बरं होईल असं मी सांगत नाही. सांभाळावं लागेल, रोजच्या रोज."

सांभाळणं तिला माहीत होतं. अवघड होतं ते स्वस्थ बसणं. शेक घ्यायलाही डोळे मिटून बसावं लागे. जरा बसली की तिला उठावंसं वाटे, उठली की कशाला उठलो ते आठवत नसे. कुंदाला सांगायचं होतं, पण कुणाच्या तोंडून आणि कसं? रोग शे म्हणून निरोप धाडावा तर पोरगी म्हणेल, आता निमित्त सापडलं.

जिनमध्ये ती कापसातला पाला, किडक्या कापसाची पिवळी कवडी वेचायच्या कामाला होती. हवेत कापसाचं बारीक तूस उडत असे. ती आठवण ठेवून ठेवून पापण्या मिटू लागली. एकदा मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. गाठोडी वाहणारा छगन ते पाहून थांबला.

"अक्का, कोनले डोया मारी राहिनी?"

"तुना बापले. त्याले सांग, जवाब उना नही आजून."

बाया खो खो हसल्या. तीही हसली. हसतानाही डोळे चुरचुरत होते.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. खानदेशात अखजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. भिकनची ही पहिली घागर. रुपचंद पारोळ्याला जाणार होता. त्याच्याकडे तिने एवढाच निरोप दिला: बापाची घागर भरायची आहे, ये.

रुपचंदने परत येऊन सांगितलं, "कुंदा काही बोलली नाही. जावई म्हणाले, बघू."

तो जायला निघाला, मग थांबला. "अक्का, एक सांगू? पोर आली की दोन थेंब जादा टाका. गालावरून येऊ द्या. काम होऊन जाईल."

बेबाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण ते बोलणं पाहुण्यासारखं घरात बसून राहिलं. शेक घेताना, भाकरी थापताना ते तिला दिसे.

अखजीच्या सकाळी तिने मातीची नवी घागर धुऊन भरली, भिंतीशी सारवलेल्या जमिनीवर ठेवली, वर खरबूज ठेवलं. सांजोऱ्या तळताना धूर झाला आणि डोळ्यांत जाळ उठला. गल्लीतल्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता, गाणी चालली होती. ती दारात गेली, आत आली, घागर उगीच सरळ केली, पुन्हा दारात गेली. पारोळ्याची मोटार यायची वेळ होऊन गेली होती. शेवटी ती उंबऱ्यावर बसली, मान मागे टाकली आणि नळी डोळ्यावर धरली. नेम चुकला. थेंब डोळ्यात थोडे गेले, गालावर जास्त ओघळले.

तिने मान खाली आणली तेव्हा अंगणात कुंदा उभी होती.

शेजारच्या ओट्यावरून तापीबाई म्हणाली, "दख कुंदे, फुटना आते तुनी मायले पाझर."

कुंदाच्या हातातली पिशवी खाली आली. "माय," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत ते एवढंच ऐकायला बेबाबाईचे कान टवकारलेले होते. कुंदा तिच्याजवळ टेकली आणि अंगठ्याने तिचा गाल पुसू लागली. पोरीचा हात ऊन लागून गरम झाला होता. बेबाबाईने गाल थोडा वेळ त्या हाताला टेकून ठेवला.

मग म्हणाली, "दवाई शे ती."

"काय?"

"डोयानी दवाई. माले पानी येतच नही, कुंदा. तुना बाप गया तवय नही उनं. आज बी नही. डाक्टर म्हनस, रोग शे."

कुंदाचा अंगठा गालावरच थांबला. पलीकडे तापीबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग ती आत निघून गेली.

"कवयपाईन?"

"लई दिन व्हयनात. वाळूगत टोचस. माले वाटे, जिनमधलं तूस शे."

"मंग तवय सांगं काब्र नही माले?"

"माले तरी कोठे माहीत व्हतं?" बेबाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली. "माले वाटे, तापीबाई म्हनस तेच खरं शे."

गल्लीतलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मग कुंदाने आईच्या मांडीवरची बाटली उचलली, उन्हात धरून पाहिली, टोपी दाबून नळीत औषध ओढलं.

"दुसरा डोया राहिना का?"

"राहिना."

"मान मांगे टाक."

बेबाबाईने मान मागे टाकली. कुंदाने एका हाताने तिची हनुवटी धरली. हात हलला नाही.

"आते पापनी मीट."

तिने मिटली. आत नवी घागर पाझरू लागली होती. तिच्या बुडाशी जमिनीवर ओल धरली होती आणि ती हळूहळू पसरत होती.