सव्वादोन तास

आमच्या नॉरफोक बेटाच्या टेलिफोन डिरेक्टरीत माणसं टोपणनावाने सापडतात. एस्टेल नॉब्स शोधाल तर डोकं धरून बसाल. 'खुंटा' शोधा, लगेच माझा नंबर मिळेल. हे नाव एकोणीस वर्षांपूर्वी पडलं. माझा नवरा हॅडन याला स्ट्रेचरवर घालून ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात नेत होते, आणि त्याच्यामागून चढताना मी विमानाच्या चौथ्या पायरीवर भीतीने थिजले. कठड्यावरचे माझे हात सोडवून मला खाली आणायला दोन पुरुष लागले. कुंपणापाशी अर्धं बेट उभं होतं, कारण विमान आलं की आमच्याकडे बघायला जातातच. शेवटी त्याच्याबरोबर आमची मुलगी टालिया गेली. चौदा वर्षांची होती. अकरा दिवसांनी ती परत आली, आणि तिच्याबरोबर हॅडनची पेटी आली.

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलून चालतच नाही इथे. उद्या रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात उचलून ओळख द्यायची असते, आणि माणसं तीच, रस्ते तेच. उलट 'बिचारी एस्टेल, तिला जमतच नाही गं ते,' म्हणत बायका केळ्यांची पिल्ही, म्हणजे आमच्याकडचा केळ्याचा केक, भाजून घेऊन आल्या. मी ती खाल्ली आणि बिचारी झाले. बिचारी होणं फार सोयीचं असतं. एकोणीस वर्षं पुरलं मला.

यंदा टालियाला दिवस गेले. बेटावर बाळंतपणं होत नाहीत. पोट फार पुढे यायच्या आत विमानात बसायचं आणि ब्रिस्बेनला जाऊन दिवस मोजत राहायचं. बाळाचा बाप सहाव्या महिन्यात न्यूझीलंडला पसार झाला. जावई म्हणायचीही वेळ त्याने येऊ दिली नाही, मेल्याने.

एका सकाळी टालिया माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मम, डेनिस पोकॉककडे जा."

"कोण, ती सिगारेटी सोडवणारी?"

"भीतीसुद्धा घालवते. संमोहन करून. मी दोन तिकिटं काढलीत, पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारची. सव्वादोन तासांचा तर प्रवास."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" ती खुर्ची ओढून सावकाश बसली. "तसल्या हॉस्पिटलात मी परत एकटी बसणार नाही, मम. बसावंच लागलं तर बाळ झाल्यावर मी इकडे येणार नाही. धमकी नाही देत. माझ्याच्याने येववणार नाही, एवढंच सांगते."

म्हणून गेले. डेनिस ही ॲडलेडची निवृत्त नर्स. आठवड्याच्या सुट्टीला आली ती सहा वर्षं इथेच. लोकरीच्या दुकानामागे तिची खोली, तीत एक आरामखुर्ची. तिने मला डोळे मिटायला लावले, दहापासून उलटं मोजायला सांगितलं, हात जड होताहेत म्हणाली. मी हो हो म्हणत गेले. आवाजही जरा खोल लावला. खरं तर मी खिडकीबाहेरच्या गाईचं रवंथ ऐकत होते. गाई आमच्याकडे रस्त्यावर मोकळ्याच. परक्या मुलखातून आलेल्या बाईला वाईट वाटू नये म्हणून मी सगळं सोंग नीट वठवलं, उठल्यावर आभारही मानले. आमच्यात तीच रीत.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची मागे करायच्या आधीच मला अडवलं.

"एस्टेल, तू नाटकात कामं करायचीस का गं?"

"का?"

"काल तुझ्या पापण्यांखाली डोळे भिरभिरत होते. कान त्या गाईकडे होते." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "एक विचारू? ही भीती गेली, तर तुझं काय जाईल?"

"हा काय प्रश्न झाला?"

"तू काहीतरी मुठीत घट्ट धरून बसली आहेस. मी सोडवायला गेले की आणखी आवळतेस."

"तुझं शहाणपण तुझ्यापाशीच ठेव," मी म्हटलं आणि तडक बाहेर आले. गाडीत बसले, पण किल्ली फिरवेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिच्यावर नव्हे. तिने विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून. ही भीती जाणारी गोष्ट असेल, तर त्या दिवशी मी आजारी नव्हते. मग उरतं एवढंच की हॅडन मरायला निघाला होता आणि मी त्याच्याबरोबर गेले नाही.

पाच दिवस तिकडे फिरकले नाही. सहाव्या दिवशी टालियाच्या घरी अंडी द्यायला गेले तर ती बाहेर कपडे वाळत घालत होती. टेबलावर हॉस्पिटलचा फॉर्म पडला होता. नाव, तारीख, रक्तगट, सगळं शाईने भरलेलं. 'सोबत कोण राहणार' त्या ओळीवर माझं नाव पेन्सिलीने लिहिलेलं, पुसलेलं आणि परत लिहिलेलं. अंडी तिथेच ठेवली आणि तशीच डेनिसकडे गेले.

त्या दुपारी मी सोंग घेतलं नाही. सातपर्यंत मोजल्याचं आठवतं. मग मी चौथ्या पायरीवर होते. वारा होता, इंजिनाचा वास होता, वरच्या दारातून हॅडनच्या पांघरुणाचं टोक दिसत होतं. पाचावर धारण बसली. डेनिसचा आवाज कुठून तरी आला, "घाई नाही. एक बोट सोडव. आता दुसरं." तिने मला एकेक बोट सोडवायला लावलं. दहाही सुटली. मग पाचवी पायरी, सहावी, मग दार, मग खिडकीची जागा. विमान उडालं, उतरलं, परत उडालं. तीनदा उडवलं तिने मला. डोळे उघडले तेव्हा आसवांनी गळा ओला झाला होता आणि अंग पिसासारखं हलकं.

"जमलं," डेनिस म्हणाली. बिचारी खुशीत होती.

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"हे तेव्हा होतं का? एकोणीस वर्षांपूर्वी?"

मी काय विचारतेय ते तिच्या लक्षात आलं. तिचा चेहराच उतरला. "होतं," ती म्हणाली. "पण तुला कुठे ठाऊक होतं, एस्टेल."

"मी कोणाला विचारलंच नाही," मी म्हटलं. तिसऱ्या दुपारी, चाळीस मिनिटांत सुटलेली भीती.

शुक्रवारी विमान वेळेवर आलं. कुंपणापाशी नेहमीची मंडळी होतीच. माझा चुलतभाऊ फिशी ओरडला, "अरे बघा, खुंटा उपटला!" सगळे हसले, मीही हात केला. पायऱ्या चढून दारात पोचले तेव्हा लक्षात आलं की चौथी कधीच मागे पडली.

टालियाने मला खिडकीशी बसवलं आणि पट्टा लावताच माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी किंचाळेन, उठून पळेन, तिने सगळी तयारी ठेवली होती. ओकायची पिशवीसुद्धा मांडीवर काढून ठेवलेली. विमान धावलं, उचललं गेलं. पाईनची झाडं खाली राहिली, मग पांढऱ्या फेसाचा काठ, मग नुसतं पाणी. मी भीतीची वाट बघत होते. ती आली नाही.

"फार भीती वाटतेय?" टालियाने हळूच विचारलं.

थोडं थरथरावं का, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. डोळे गच्च मिटून दोनदा देवाचं नाव घेतलं असतं तर निभावून गेलं असतं. तिलाही बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही," मी म्हटलं.

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही. सोपं आहे गं."

तिने माझा हात सोडला. रागाने नव्हे, नुसता सोडला आणि आपले हात पोटावर ठेवले. खाण्याची गाडी आली, तिने मानेनेच नको म्हटलं. गाडी पुढे गेल्यावर समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत ती बोलली.

"डॅड रोज विचारायचा, मम आली का. मी सांगायचे, शुक्रवारच्या विमानाने येईल. शुक्रवार गेला की सोमवारच्या. त्याला खरं वाटायचं. विमानाच्या दिवशी सकाळी नर्सकडून दाढी करून घ्यायचा."

"तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"कशी सांगणार? तू आजारी होतीस ना. अख्खं बेट मला सांगायचं, ममला काही बोलू नकोस." तिने मनगटाने नाक पुसलं. "आता बरी झालीस."

बरी झाले होते. आता दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

"आणखी काय म्हणायचा?" मी विचारलं.

"ऐकवेल तुला?"

"सगळं सांग. काही गाळू नकोस."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, जड अंगाने खुर्चीत माझ्या बाजूला वळली, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली. दिवस अकरा होते, आणि ब्रिस्बेन यायला अजून दीड तास होता.