बिनआवाजाची जीप

दत्तोपंतांची नजर हळूहळू गेली. आधी कडेकडेनं अंधारून आलं, मग मधोमध खिडकीएवढा उजेड उरला, आणि दोन वर्षांपूर्वी ती खिडकीही मिटली. तेव्हापासून ते रोज सकाळी चहा झाला की काठी टेकत अंगणात जायचे आणि जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या जागेवर जाऊन बसायचे. भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत त्यांनी नांदेड-लातूरचे सगळे माळ त्याच जागेवर बसून पालथे घातले होते. जीप सरकारी लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच ती घेतली होती.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचं इंजिन जाम झालं. मिस्त्री म्हणाला, आता भंगारात द्या. दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांचा चहा तसाच राहिला.

त्यांची मुलगी मालविका नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिनं आठवडाभर वहीत आकडे मांडले आणि एका रविवारी वडिलांना सांगितलं की, जीप ठेवायची, पण विजेवर करायची.

"बिनआवाजाची जीप म्हणजे बाज," दत्तोपंत म्हणाले. "बाजेवर बसायचं तर घरातच बसतो की."

तरी त्यांनीच शहरातल्या इतवारा मोहल्ल्यात निरोप धाडला. बावीस वर्षं ही जीप चालवलेले निजामोद्दीन तिथं राहायचे. सत्तरी गाठलेले निजामोद्दीन आले, बॉनेट उघडून उगीच आत बघत राहिले, आणि पुढच्या रविवारी पान्यांची पिशवी घेऊनच आले.

काम सात महिने चाललं. लोखंडी घोडीला साखळीची कप्पी बांधून इंजिन वर काढलं. भंगारवाला दारात उभा असताना निजामोद्दीननं ते रॉकेलच्या फडक्यानं नीट पुसलं, लेक सासरी धाडताना तोंड पुसावं तसं. मोटर आणि बॅटरीचे सेल आले. मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी जाड चकती औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर तीनदा कातून घ्यावी लागली. पहिल्या दोन केसभर वाकड्या निघाल्या होत्या. चारही चाकांना ताकद देणारा दांडा मात्र होता तसाच राहिला. निजामोद्दीननं त्याला हात लावू दिला नाही. तारांच्या जुडग्यांना कापडी पट्टी गुंडाळायचं काम दत्तोपंतांकडे होतं. त्यांची बोटं पट्टीचा वेढा वेढ्यावर असा बसवत की मालविका बघत राही. परवानगीचे कागद व्हायला आणखी दोन महिने गेले.

जानेवारीतल्या एका सकाळी ते तिघं कंधारच्या रस्त्यानं निघाले. निजामोद्दीन चालवायला, शेजारी दत्तोपंत, मागे मालविका. एकशेदहा किलोमीटरची बॅटरी होती. जाऊन येऊन शंभरावर होत होते, म्हणून तिची नजर काट्यावर होती.

जीप अंगणातून निघाली ते दत्तोपंतांना कळलंच नाही. वारा गालाला लागला तेव्हा त्यांनी समोरची दांडी धरली.

शहर मागे पडलं. आधी चाकांखालच्या डांबराचा आवाज आला, मग तोही सवयीचा झाला आणि उरला नाही. धुकं होतं, आणि ज्याला ते दिसत नव्हतं त्यालाही ते ओठांवर गार लागत होतं. दत्तोपंतांना वाटलं, आपण होडीत आहोत. दोन्ही बाजूंनी ज्वारी सळसळत होती. कुठं तरी उंच चंडोल गात होता. त्यांची जीप त्याच्याखालून गेली आणि त्याचं गाणं तुटलं नाही. एका विहिरीवर दोन बायका बोलत होत्या, त्यातलं एकीचं हसणं जीपमध्ये येऊन गेलं. लोहा गावाच्या पुढं हवेला करडईचा वास आला. या रस्त्यानं ते शेकडो वेळा गेले होते. खडक कुठं फुटतो, काळी माती कुठं संपते, त्यांना पाठ होतं. पण या मुलखाला आवाज असतो हे त्यांना ऐंशीव्या वर्षी कळत होतं.

करडईची शेतं मागे पडली. मग दत्तोपंत नेहमीच्या आवाजात म्हणाले, "निजाम, तुला सर्दी झालीये का? श्वास वाजून राहिलाय."

निजामोद्दीन हसले. "साहेब, बावीस साल बाजूला बसलाव. माझा श्वास आज ऐकू आला तुम्हाला."

खरंच होतं ते. त्या डिझेलच्या घरघरीत डावीकडं, उजवीकडं, थांब, एवढंच ओरडून बोलणं व्हायचं. बाकीचं हातानं.

कंधार जवळ आलं तशी जीप हळू झाली आणि एका फाट्याशी उभी राहिली. इथून एक कच्चा रस्ता मन्याड नदीच्या काठाकडं उतरत होता. बंद पडली का, असं मालविकानं विचारलं. निजामोद्दीननं मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"साहेब, एक बात इचारू? चौऱ्याऐंशी साली आपण देगलूरला चाललो होतो. हितंच मी गाडी हळू केलती. माझी घरवाली सुलतानबी बाळंतपणाला माहेरी आलती, खाली ह्याच रस्त्यावर. पहाटंच पोरगी झाल्याचा निरोप आला होता. पोरीची तब्येत बरी न्हाई म्हणून. मी म्हणलो, साहेब, अर्धा घंटा द्या, तोंड बघून येतो. तुम्ही म्हणलाव, चल पुढं."

दत्तोपंतांनी मान आवाजाच्या दिशेला वळवली.

"आपण तीन दिवसांनी परतलो. पोरगी दोनच दिवस होती."

निजामोद्दीनचा आवाज चढला नव्हता. ते म्हणाले की काही वर्षं त्यांना वाटायचं, साहेबांना ऐकूच गेलं नसेल. काही वर्षं वाटायचं, गेलं असेल. विचारायचा धीर कधी झाला नाही, कारण विचारायचं म्हणजे ओरडून विचारावं लागलं असतं, आणि ही गोष्ट ओरडून कशी विचारायची.

इथंही वर एक चंडोल गात होता. मालविकानं खाली बघितलं.

"मला ऐकू आलं नव्हतं," दत्तोपंत म्हणाले. "पण तू काही तरी बोललास ते मी पाहिलं होतं. तुझं तोंड पाहिलं होतं मी, निजाम. मला देगलूरला वेळेवर पोचायचं होतं. काय म्हणालास ते परत विचारलं नाही."

निजामोद्दीननं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. कपाळ पुसलं. रागावल्यासारखे ते दिसत नव्हते. खूप दिवस उचलून धरलेली वस्तू कुठं ठेवावी हे न कळलेल्या माणसासारखे दिसत होते.

"नाव काय ठेवलं होतं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"शबनम. तिच्या नानीनं ठेवलं."

"रस्ता अजून आहे का?"

"हाय. खराब हाय लई."

"मग घे."

मालविकानं काट्याकडं पाहिलं. जेमतेम अर्धी बॅटरी उरली होती. खाली उतरलं तर या चार्जवर नांदेड गाठणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं काट्यावरून नजर काढली.

निजामोद्दीननं दांडा ओढला. चारही चाकांनी जमीन धरली. रस्ता म्हणजे पाण्यानं खोदलेली चर होती, मोठमोठे धोंडे, मध्येच बाभळीच्या मुळ्या. जीप एखाद्या म्हशीसारखी सावकाश उतरत गेली, एकेका धोंड्यावर पाय ठेवून. खड्यांची करकर तेवढी ऐकू येत होती, आणि खालून नदीचं पाणी.

सुलतानबीच्या भावाचं घर तिथंच होतं. भाचा घरी होता. त्यानं काही न विचारता पडवीतल्या सॉकेटला वायर लावू दिली आणि चहा टाकला. दोघं म्हातारे कब्रस्तानात गेले. निजामोद्दीननं दत्तोपंतांचा हात धरला होता. कडुनिंबाच्या बुडाशी हातभर लांबीची दगडांची ओळ होती. निजामोद्दीन फातिहा पढेपर्यंत दत्तोपंत उभे राहिले. मग खाली बसले आणि बोटांनी एकेक दगड चाचपला.

"बेसाल्ट नाहीये हा," ते हळूच म्हणाले. "नदीतले गोटे आहेत."

"सुलतानबीनं आणलते. ओटीत घालून."

बॅटरी भरायला सहा तास लागले. ते सगळे पडवीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवले. मग म्हातारे चटईवर आडवे होऊन बोलत राहिले. एवढं सलग बोलताना मालविकानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या गावात बोअरला पाणी लागलं, कुठं नुसता फुफाटा उडाला, कोणत्या डाकबंगल्याचा खानसामा मीठ विसरायचा. मध्येच दोघं गप्प व्हायचे. ते गप्प राहणंही नवं होतं.

दिवस कलताना ते परत निघाले. घरी गेल्यावर निजामोद्दीननं सुलतानबीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ मेथी निवडत राहिली, मग एवढंच म्हणाली की साहेबांना विचारा, पुढच्या जुम्म्याला गाडी रिकामी हाय का.

त्या शुक्रवारी कंधारला जायला निजामोद्दीननं जीप इतवाऱ्यात आपल्या दारात आणून उभी केली. दत्तोपंत पुढच्या जागेवरून आपण होऊन उतरले, काठीनं चाचपत मागच्या बाकावर जाऊन बसले, आणि सुलतानबी पदर सावरत पुढं चढली.