अनिरुद्धचं घोरणं

कांताबाईंना अजून आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येतं. खोली रिकामी आहे हे त्यांना ठाऊक आहे. पण कानांना कोण समजावणार?

एकुलता एक अनिरुद्ध हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसायचा आणि घरी आला की आईच्या हातचं पोटभर खायचा. अंग चांगलंच सुटलं होतं. शेजारपाजार हसायचा, कांताबाई मात्र सुखावायच्या. लहानपणी त्यांनी पाणी पिऊन रात्री काढल्या होत्या. लेकाचे गाल बघूनच त्यांचं पोट भरायचं. नवरा सुखदेवराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाची नुसती काडी. "खात्यापित्या घरचा दिसतो तो माझा अनिरुद्धच," त्या टोमणा मारायच्या. "तुम्ही फुंकर मारली तर खडकी स्टेशनात जाऊन पडाल."

स्वाइन फ्लूच्या त्या ऑगस्टात बापलेक एकदमच तापाने पडले. गावभर तोंडाला फडकी, शाळा बंद. कांताबाईंनी रिक्षा आणली आणि नवऱ्याला बसवलं.

"आई, मलाही दम लागतोय गं. मी पण येतो."

"तुझ्या अंगात ताकद आहे, तू काढशील. यांचंच काही खरं नाही. पडून राहा, आल्यावर बघू."

दवाखान्यातली रांग हलता हलेना. संध्याकाळी दोघं परतले, तर आतून घोरणं ऐकू आलं. झोप लागली, बरं झालं, म्हणून कांताबाईंनी दार हळूच लोटलं आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. ताटली घेऊन आत गेल्या तेव्हा आवाज जेमतेम उरला होता आणि लेकाचे ओठ निळे पडले होते.

मशीनवर ठेवूनही तो वाचला नाही. "ते घोरणं नव्हतं, मावशी, श्वास अडकत होता," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या वजनात छाती पुरती फुलत नाही. अशांना हा ताप फार जड जातो. यांना आधी आणायला हवं होतं."

सुखदेवराव चार गोळ्यांवर उठून बसले होते.

आज दिवेलागणीला घोरणं पुन्हा सुरू झालं.

"अहो, ऐकलंत?"

"घरात आपण दोघंच आहोत, कांता."

कांताबाईंनी पायात चपला सरकवल्या, आतलं दार उघडलं आणि रिकाम्या पलंगावर वाकल्या. "ऊठ रे बाळा, रिक्षा आणलीय. आधी तू चल."

घोरणं थांबलं. मागे दारात उभ्या असलेल्या सुखदेवरावांचा स्वच्छ, सावकाश श्वास तेवढा ऐकू येत राहिला.