तीनचा ग

तमिळ 'क'च्या खांद्यावर पेन्सिलीनं काढलेला तीनचा आकडा मोहरीएवढा होता. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. म्हणून कुंभकोणमच्या या मराठी घरात, तमिळ अक्षरांत छापलेल्या मराठी भजनांच्या पुस्तकावर आईनं आकडे घातले होते. तीन दिसला की 'ग' म्हणायचा. सुंदरी त्यावरच मराठी वाचायला शिकली. आई गेल्यावर शनिवारी अप्पा ते पुस्तक घेऊन बसत, आणि सुंदरी आतून कॉफी गाळताना ऐकत असे.

ते १९९८ साल. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि तास संपले की संगणकाच्या खोलीत बसायची. पडद्यावर खिडक्या, बटणं काढून देणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होता. कोड सर्वांना खुला, पण लिहिलेला लिनक्ससाठी. तिला ती लायब्ररी विंडोजवर चालवून दाखवायची होती. बंगळूरच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती. "हे झालं की सांगते," असं ती त्यांना सांगे, अप्पांनाही. ते होत नव्हतं, याचं मनातून तिला बरंच वाटे. अप्पांना एकटं कसं टाकायचं?

"अप्पा, 'काय' नव्हे, 'गाय'," एका शनिवारी ती आतून म्हणाली.

"आकडा पुसलाय गे. आतां काय आणि गाय एकच."

सुंदरीचा हात थांबला. लायब्ररीत 'लिस्ट' नावाच्या दोन फायली होत्या, एकीचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं, दुसरीचं छोटं. लिनक्सला त्या दोन दिसत. विंडोज मोठ्या-छोट्या अक्षरांत फरक करत नाही, त्याला एकच, म्हणून उतरवून घेताना दुसरी पहिलीवर बसत होती. या घरात वाढून हे तिला सुचू नये!

सोमवारी तिनं एका फायलीच्या नावाला तीनचा आकडा जोडला, कोडात जिथं जिथं ते नाव होतं तिथं बदललं. संध्याकाळी पडद्यावर करडी खिडकी उघडली. आत एकच बटण. तिनं ते उगाच दोनदा दाबलं.

घरी अप्पा विड्याची पानं पुसत बसले होते.

"झालं, अप्पा."

"अस्की?" सगळ्याला त्या घरात अस्की म्हणत.

"अस्की."

"मग बंगळूरवाल्यांस आतां कोणतें निमित्त सांगशील? मला पुढें करूं नको हं. मला रसम येतें."

"आणि मीठ?"

"तें अंदाजें."

ती हसली. अप्पा हसले नाहीत. पान हातात धरून वाट पाहत राहिले.

"अप्पा," ती म्हणाली, "मी बंगळूरला जाते."