तपासलेली वही

सकाळच्या बॅचला शेवटच्या बाकावर एक म्हातारा येऊन बसला, तेव्हा महिपत सरांना वाटलं, कुणाच्या तरी ॲडमिशनसाठी आला असेल. खोपटच्या एसटी डेपोसमोर, पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीत असे बाप यायचेच. सरांनी त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि ते फळ्याकडे वळले.

फळ्यावर विशेषणं होती. अफ्रेड, मॅरिड, अँग्री, टायर्ड. सर सांगत होते की इंग्रजीत यातल्या प्रत्येकाची सोयरीक जन्मतःच ठरलेली असते. अफ्रेडच्या मागून ऑफ येणार, मॅरिडच्या मागून टू. तुम्ही मराठी डोक्याने 'मॅरिड विथ' म्हणालात, की घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातली मुलाखत तिथल्या तिथे आटोपली म्हणून समजा. पोरं हसली. सर हा विनोद बावीस वर्षं करत होते आणि पोरं बावीस वर्षं हसत होती. त्यात नवीन काही नव्हतं.

बॅच सुटली आणि म्हातारा पुढे आला. खडवलीहून आलो, मेघनाचा बाप, धोंडीबा, असं त्याने सांगितलं. मेघनाचं नाव ऐकताच सरांचा पट्टा सुरू झाला. पंधरा दिवस मुलगी गैरहजर, महिन्यावर रिसेप्शनिस्टची मुलाखत आलेली, निदान एक फोन तरी करायचा की नाही! धोंडीबांनी ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की मेघना गेली.

डेपोच्या मागच्याच गल्लीत तिचं सासर. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना तोल गेला, असं सासरच्यांनी सांगितलं आणि पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. बारावं उरकल्यावर धोंडीबा लेकीच्या वस्तू आणायला गेले, तर जावयाने, ऋतुराजने, दारातच एक पिशवी हातात ठेवली. दोन साड्या, एक स्वेटर आणि एक वही. हे तिचं इंग्रजीचं खूळ, तेही घेऊन जा, असं म्हणाला आणि दार लावून घेतलं. ती वही उघडून बघावी असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. सुनेच्या अभ्यासाच्या वहीत काय बघायचंय?

"तिच्या हातचं येवढंच रायलंय, सर," धोंडीबा म्हणाले. "काय लिवलंय ते वाचून दावा. तिची आई वाट बघत बसलीय. तिला जाऊन सांगायचंय."

सरांना भडभडून आलं. गुणी पोर होती. सर्वात आधी यायची, दाराजवळच्या बाकावर बसायची, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत ओढणी घेऊन. त्यांनी चष्मा पुसला आणि वही उघडली.

इथे सरांची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं पुढचं रामायण त्या पद्धतीपायी झालं. रोज दहा वाक्यं लिहून आणायची, प्रत्येकात एक विशेषण आणि त्याच्या मागून येणारा योग्य शब्द. एकच अट, वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं पाहिजे, खरं पाहिजे. गाइडातून उतरवलेलं दिसलं की सर काट मारायचे. आणि तपासण्यात तर त्यांचा हात धरणारा ठाण्यात कुणी नव्हता. तासाभरात चाळीस वह्या! शिंपी जसा सदरा उलटा करून नुसती शिवण बघतो, तशी त्यांची नजर विशेषण आणि पुढचा शब्द एवढ्यावरच जायची. बाकीचं वाक्य डोळ्यांना लागायचंच नाही. याचा त्यांना केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

पहिल्या पानावरची दोन वाक्यं त्यांनी मराठीत करून सांगितली. मी भाकऱ्या चांगल्या करते. माझ्या आईला अबोलीची फुलं फार आवडतात. धोंडीबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा ऊन पडल्यासारखं झालं. सरांनी पान उलटलं. आणि तिसऱ्या पानावर ते थांबले.

'आय ॲम अफ्रेड फ्रॉम माय हजबंड व्हेन ही क्लोजेस द किचन डोअर.' फ्रॉमवर लाल काट, वर सुबक अक्षरात ऑफ. अक्षर त्यांचंच.

त्यांनी पुढची पानं भराभर चाळली. दोन महिने ही पोर रोज त्यांना सांगत होती, दहा दहा वाक्यांत, तारीख घालून. आणि ते रोज तिला आठ मार्क देत होते.

"काय झालं, सर?" धोंडीबांनी विचारलं.

"काही नाही. पुढे असंच आहे सगळं. घरचंच लिहिलंय."

धोंडीबांनी मान हलवली. ती लाल खूण म्हणजे बरोबर ना, असं विचारलं. सर हो म्हणाले. मग ती पास झाली असती का, असंही विचारलं. सर म्हणाले, झाली असती. म्हातारा उभा राहिला, वही साडीच्या घडीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले, हात जोडले आणि जिन्याकडे निघाला.

झाकली मूठ राहिली असती. खडवलीच्या घरात ती वही ट्रंकेत पडली असती, आईने सणावाराला काढून तिच्यावर हात फिरवला असता, आणि ऋतुराज वर्षभरात दुसरी बायको करून मोकळा झाला असता. दुपारची बॅच दोनला होती. सर फळा पुसायला उठले आणि त्यांचा हात चालेना. लाज वाटली, भीती वाटली, आणि त्या भीतीचीच जास्त लाज वाटली. ते अनवाणीच जिन्यापर्यंत धावले.

"धोंडीबा, परत या. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मग त्यांनी सगळी वही वाचली, एकही वाक्य न गाळता. ओढणी काढली तर गळ्यावरची बोटं दिसतील. सासूबाई म्हणतात, बोललीस तर माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. मला गॅलरीत त्याच्याजवळ उभं राहायची भीती वाटते. एकदा त्याने मला अर्धं बाहेर धरलं होतं, हसत. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, माझ्या बाबांना माझ्या लग्नाचा फार अभिमान आहे, म्हणून मी त्यांना सांगत नाही. हे वाक्य बिनचूक होतं. त्याच्यापुढे सरांनी मोठी खूण केली होती.

धोंडीबा रडले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, तसेच बसून राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं.

"तुमी हे वाचलेलं, सर?"

"तपासलेलं," सर म्हणाले. "वाचलेलं नाही."

दुपारच्या बॅचची पोरं जिन्यात भेटली. सरांनी त्यांना परत पाठवलं आणि दोघे पोलीस चौकीत गेले. तिथल्या साहेबाने वही उलटसुलट करून पाहिली. अहो, हा इंग्रजीचा अभ्यास आहे, व्याकरणाची वाक्यं आहेत, याला पुरावा कोण म्हणेल, असं म्हणाला. सरांनी त्याला आपली अट सांगितली. खोटं वाक्य मी ठेवतच नाही, तिची सगळी ठेवली आहेत. दोन महिन्यांच्या तारखा आहेत, सगळ्या ती असतानाच्या.

साहेब खुर्चीत सरसावून बसला. माणूस वाईट नव्हता. त्याने सरांना समजावलं, की बघा, कोर्टात पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. दोन महिने हे तुमच्या हातात होतं, तुम्ही काय करत होता? पेपरात नाव येईल. लोक पोरी तुमच्याकडे पाठवतील का?

"नाही पाठवणार," सर म्हणाले. "तुम्ही लिहा."

जबाब लिहायला दीड तास लागला. रोजची वही मी स्वतः तपासली, मजकुराकडे लक्ष दिलं नाही, हे वाक्य सरांनी हवालदाराकडून जसंच्या तसं लिहून घेतलं. तो जरा सौम्य करू पाहत होता. मग त्याने वही पुढे सरकवली आणि सांगितलं, की ही तीच वही आहे याची खूण म्हणून प्रत्येक पानाखाली सही करा.

सरांनी पहिलं पान उघडलं. खाली त्यांची सही होतीच, लाल शाईत, तारखेसकट, आणि तिच्या शेजारी 'गुड'. दुसऱ्या पानावर होती, तिसऱ्या पानावर होती, सगळ्या पानांवर होती. हवालदाराने दिलेलं निळं पेन घेऊन ते प्रत्येक सहीच्या खाली पुन्हा सही करू लागले. पानं फडफडत होती. वर पंखा फिरत होता. शेजारी उभे असलेले धोंडीबा पुढे झाले आणि एकेक पान त्यांनी तळव्याने दाबून धरलं.