माफ झालेली फी

रेनोमधल्या त्या हॉटेलात बाबाला खोली फुकट मिळते. महिन्यातून एकदा, तेही मंगळवारी, कारण शनिवारच्या खोल्या कुणी फुकट देत नाही. तो रेडिंगहून चार तास गाडी चालवत येतो, आई मला हॉटेलच्या दाराशी सोडते आणि बुधवारी सकाळी बाबाच मला शाळेत पोचवतो. तीन वर्षं हे असंच चाललंय.

फुकट म्हणजे खोलीचं भाडं शून्य. पण रिसॉर्ट फी एकोणचाळीस डॉलर, आणि त्या फीवर टॅक्स. सगळे मिळून चव्वेचाळीस डॉलर सात सेंट. कशाचे, तर तरणतलावाचे, दोन पाण्याच्या बाटल्यांचे आणि कुणीच वापरत नाही त्या फोनचे. मुक्कामात खालच्या जुगाराच्या यंत्रावर पाचशे पॉइंट केले की ही फी माफ होते. म्हणून बाबा आल्या आल्या खाली जाऊन बसतो. "फी तेवढी उडवून येतो, माइते," म्हणतो, आणि मी वर हॉटेलचंच चॅनेल बघत बसते. त्यावर तीच बाई तोच लॉबस्टर पुन्हा पुन्हा खाते.

पण यंदाची मी वेगळी आहे. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणताना माझा आवाज फुटत नव्हता. आता मी वादविवाद संघाची कॅप्टन आहे आणि शनिवारी राज्य फेरीत सहा मिनिटं बोलणार आहे. ते भाषण बाबाने ऐकायला हवं होतं. सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाकी मला त्या मंगळवारकडून काही नको होतं.

पाच वाजता मी खाली गेले. एकवीस वर्षांच्या आतल्यांनी यंत्रांपाशी थांबायचं नसतं. फरशीच्या वाटेवरून चालत जायचं, गालिच्यावर पाय टाकायचा नाही. ती वाट सगळ्या यंत्रांना वळसा घालून परत लिफ्टपाशी येते. नशिबाने बाबा अगदी वाटेलगत बसला होता.

"बाबा, किती राहिले?"

"दोनशे. तू कशाला आलीस खाली?"

उत्तर द्यायला मी जरा रेंगाळले, तर मागून पहारेकरी व्हर्नॉनकाका म्हणाले, "चालत राहा, पोरी." मग काय, अख्खी फेरी मारली. तीन मिनिटं लागतात.

"भाषण ऐकवायचंय," दुसऱ्या फेरीला मी म्हटलं.

"कशावर?" हे त्याने माझ्या पाठीला विचारलं.

"नदीच्या पाण्यावर हक्क कोणाचा," तिसऱ्या फेरीला.

"अरे वा. आणि तू कोणाच्या बाजूने?"

"दोन्ही तयार ठेवायच्या. नाणं उडवून ठरतं," चौथ्या फेरीला.

"म्हणजे तूही जुगारीच की." स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. व्हर्नॉनकाका म्हणाले, "पोरगी चालून चालून बुटांचे तळ झिजवणार, तिला खर्च द्या."

पाचव्या फेरीला बाबा म्हणाला, "एकशे ऐंशी."

या चालीने सात वाजले असते. मग त्याला भूक लागते, जेवला की झोप येते. माझ्या खिशात कुत्र्यांना आंघोळ घालून कमावलेले साठ डॉलर होते. म्हटलं, आपणच फी भरून टाकू आणि संध्याकाळ मोकळी करू.

काउंटरवरच्या बाईच्या बिल्ल्यावर रोझाल्बा लिहिलं होतं. मी खोलीचा नंबर दिला, इरिगोयेन आडनाव सांगितलं आणि नोटा पुढे सरकवल्या. "बाबाची फी भरायचीय. त्याला सांगू नका."

तिने पडद्यावर बघितलं. "इथे काही फी दिसत नाही, बाळा."

"टॅक्स धरून चव्वेचाळीस सात," मी तिला मदत केली.

"नाही गं. त्यांचं इथलं खेळायचं कार्ड गोल्ड आहे. गोल्डवाल्यांना फी नसतेच."

"आजपासून?"

"गेल्या वर्षीच्या मार्चपासून." मग तिला वाटलं असावं की जास्त बोलली. नोटा तिनेच घडी घालून माझ्या हातात ठेवल्या.

सहाव्या फेरीला मी म्हटलं, "बाबा, फी माफ आहे. गेल्या मार्चपासून." आणि चालत राहिले, थांबता तर येत नाही. त्या फेरीत मला बुफेची रांग, घड्याळांचं दुकान, काहीच दिसलं नाही. परत आले तर खुर्ची रिकामी.

तो वर होता. पलंगाच्या कडेला, बूट घालूनच बसलेला, टीव्ही बंद. "बोल," म्हणाला. "ऐकतो."

मी बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, एकही शब्द न अडखळता. सहा मिनिटं त्याने माझ्यावरून नजर हलवली नाही.

"छान बोलतेस गं. अजून आहे?"

"नाही. सहाच मिनिटं असतात."

"हं."

एसी घरघरत होता. मी त्याच्या कामाचं, गॅरेजचं विचारलं, तो म्हणाला चाललंय. त्याने शाळेचं विचारलं, मी म्हटलं चाललंय. भूक दोघांनाही नव्हती. सहाही वाजले नव्हते.

"फी नाही हे सांगायचं होतंस," मी म्हटलं.

तो गुडघे चोळत राहिला. "मग वर बसून काय केलं असतं आपण?" खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. "लहान होतीस तेव्हा पत्ते काढले की भागायचं. आता तू अशी बोलतेस. मला गॅरेजात दिवसाला दहा वाक्यं पुरतात, माइते."

मी उठून दार उघडलं.

"जा खाली," मी म्हटलं.

"रागावलीस?"

"नाही. पण वाटेलगतच बस."

सातव्या फेरीला त्याने विचारलं, परीक्षक किती असतात. आठव्या फेरीला मी सांगितलं, तीन. नवव्या फेरीला तो आपणहून म्हणाला, "तुझ्या आजोबांचं पाणी एकदा शेजाऱ्याने अडवलं होतं, माहितीय?" मला माहीत नव्हतं. दहाव्या फेरीला कळलं की तो ऑगस्ट होता आणि नऊशे मेंढ्या होत्या. अकराव्या फेरीला, की बाबा तेव्हा माझ्याएवढा होता आणि कळप त्याच्या हवाली होता. दर फेरीला एक वाक्य, कधी अर्धंच. मधली तीन मिनिटं मी एकटी चालायची आणि पुढचं वाक्य काय असेल ते जुळवत राहायची.

पंधराव्या फेरीपर्यंत मेंढ्या अजून पाण्यापाशी पोचल्या नव्हत्या.